विसराळू मधुमेहींची साखर फार खाली नको

महोदय,

‘अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा एक आजार) म्हणजे तिसऱ्या प्रकारचा मधुमेह’ हे वाक्य हल्ली व्हॉट्सॲपवर वरचेवर फिरते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या सुझान डी ला माँटे यांच्या २००५ मधल्या संशोधनातून ते आले. अधिकृत निदान म्हणून त्याला मान्यता नाही. संबंध मात्र आहे: नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या १९९९ च्या पाहणीत मधुमेहींना स्मृतिभ्रंशाची जोखीम जवळपास दुप्पट आढळली. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होणे, हे त्यामागचे एक कारण.

त्यावरून घरोघरी निघणारा निष्कर्ष मात्र घातक आहे: आजोबा विसरायला लागले, आता साखर कडक ठेवा! अमेरिका-कॅनडातील मधुमेहींवरच्या ‘ॲकॉर्ड’ चाचणीत एचबीए१सी (मागच्या सुमारे तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी, टक्क्यांत) ६ च्या खाली नेण्याचा प्रयत्न झाला. ४० महिन्यांनंतरही स्मरणशक्तीत फायदा दिसला नाही, उलट कडक नियंत्रणाच्या गटात मृत्यू जास्त झाले. पन्नाशीत साखर आटोक्यात ठेवणे शहाणपणाचेच. स्मृतिभ्रंश झालेल्या ऐंशीच्या माणसाचे गणित वेगळे. त्याच्या बाबतीत एचबीए१सी ८ च्या आसपास असला तरी बहुधा चालते. रिपोर्टवर ६.२ पाहून पाठ थोपटून घेण्याआधी औषधे जास्त तर होत नाहीत ना, हे डॉक्टरांना विचारावे.

खरा धोका साखर उतरण्याचा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेऊन माणूस जेवायचे विसरतो, किंवा घेतलेली गोळी विसरून पुन्हा घेतो. एकादशीला उपास धरून गोळी तेवढी नेमाने घेणारेही असतात. उतारवयात घाम, थरथर दिसेलच असे नाही. असंबद्ध बडबड, चिडचिड, गुंगी एवढेच दिसते आणि घरचे म्हणतात, ‘आजार वाढला.’ असे अचानक झाले तर आधी ग्लुकोमीटर लावा. आकडा ७० च्या खाली आणि गिळता येत असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, मग खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठा. या गोळ्यांचा अंमल बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा उतरते. म्हणून सावरल्यावरही दिवसभर लक्ष हवे.

इन्सुलिनमध्ये वेगळाच घोळ होतो. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, इन्सुलिन टोचायच्या पेनच्या काडतुसात १०० युनिट. पेन बिघडले म्हणून काडतुसातून ४० च्या, लाल टोपीच्या सिरिंजने तेवढ्याच रेघा भरल्या तर डोस अडीचपट जातो. गोळ्या आणि इन्सुलिन दोन्ही रुग्णाच्या हाती न ठेवता घरातल्या एकाच माणसाने द्यावे आणि कॅलेंडरवर खूण करावी.

आणखी एक. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, शाकाहारी घरांत तर जास्तच. विसराळूपणा त्यामुळेही येतो आणि वेळीच इंजेक्शने दिली तर सुधारूही शकतो. ‘अल्झायमर’चा शिक्का मारण्याआधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्यावे.