संपर्कशोधाच्या ॲपला ठिकाण कशाला हवे?

संपादक महोदय,

२०२० मध्ये टाळेबंदी शिथिल होऊ लागली तेव्हा घोडबंदर रस्त्यावरील आमच्या संकुलाच्या फाटकावर ‘आरोग्य सेतू’ हे करोनाबाधितांच्या संपर्कात कोण आले ते शोधणारे सरकारी ॲप दाखवल्याशिवाय घरकामाच्या मावशींना आत सोडत नसत आणि बटणांचा फोन वापरणाऱ्या मावशी आल्या पावली परत जात. (सदनिकाधारकांना मात्र कोणी हटकत नसे.) केंद्राने १ मे रोजी कर्मचाऱ्यांवर घातलेली सक्ती १७ मे रोजी सौम्य केली होती, ती बातमी फाटकापर्यंत पोहोचलीच नाही.

सक्तीइतकाच गंभीर प्रश्न ॲपच्या रचनेचा आहे. नोंदणीच्या वेळी नाव, मोबाइल क्रमांक, वय, लिंग व व्यवसाय सरकारी सर्व्हरवर जाई. जवळचे फोन ब्लूटूथने टिपले जात आणि त्याखेरीज जीपीएसवरून ठिकाणही नोंदले जाई. आमच्या बहुमजली इमारतीत तिसरा मजला कुठला आणि बाविसावा कुठला हे जीपीएसला कळत नाही, त्यामुळे संसर्गाचा माग काढायला त्याचा उपयोग नगण्य. माणूस दिवसभर कुठे कुठे गेला हे कळायला मात्र ते पुरेसे. ब्लूटूथलाही मधली भिंत कळत नाही, पण निदान ते ठिकाण सांगत नाही.

ॲपल आणि गूगल यांनी त्याच वर्षी आणलेल्या पद्धतीत फोन दर दहा-वीस मिनिटांनी बदलणारे निनावी संकेतांक प्रसारित करी, बाधितांच्या संकेतांकांशी त्यांची जुळणी फोनमध्येच होई आणि ती वापरणाऱ्या ॲपला ठिकाण मागण्याची मुभाच नव्हती. जर्मनीचे ॲप जून २०२० मध्ये आले ते याच पद्धतीवर. साथ कुठे पसरते आहे याचा नकाशा आरोग्य यंत्रणेला त्यातून मिळत नाही, ही तिची उणीव खरी. तरीही मी तीच पसंत करीन. कारण सिंगापूर सरकारने आपल्या संपर्कशोध ॲपमधील माहिती केवळ संपर्कशोधासाठी वापरण्याचे आश्वासन दिले होते. गुन्ह्याच्या तपासासाठी पोलिसांनाही ती मिळवता येते, हे जानेवारी २०२१ मध्ये संसदेत सांगावे लागले.

आपल्याकडे ॲपची माहिती १८० दिवसांपेक्षा जास्त न ठेवण्याचा नियम होता, पण त्यामागे संसदेचा कायदा नव्हता. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर साथीच्या काळातील आरोग्यसेवेसाठी संमतीची अटच नाही. म्हणजे ॲपची रचना हाच नागरिकाचा आधार उरतो. ‘आरोग्य सेतू’चा अँड्रॉइडवरील कोड (ॲप कसे चालते ते ठरवणारी आज्ञावली) ॲप येऊन जवळपास आठ आठवडे झाल्यावर सर्वांना तपासण्यासाठी खुला झाला. पुढच्या वेळी तो आधी खुला करावा, ठिकाणाची नोंद वगळावी, आणि बटणांचा फोन घेऊन आलेल्या मावशींना फाटकावर काय सांगायचे, हेही त्याच आदेशात लिहावे.

– एक वाचक, ठाणे (प.)