गणितासाठी गाणे नको

महोदय,

मी गेली अनेक वर्षे लहान मुलांना गाणे शिकवते. मुलाचे नाव घालायला येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: गाण्याने गणित सुधारते असे वाचले आहे, ते खरे का? ‘हो’ म्हणणे माझ्या सोयीचे असते आणि पूर्वी काही वेळा मी तसे म्हटलेही आहे, हे आधीच कबूल करते. मात्र जाहिरातींतून आणि लेखांतून हा दावा आता इतका बिनदिक्कत केला जातो, की तो कुठून आला आणि पुढे त्याचे काय झाले, हे वाचकांसमोर यावे असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

१९९३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना पाश्चात्त्य संगीतकार मोत्झार्टची दोन पियानोंसाठी रचलेली सोनाटा ही वाद्यरचना दहा मिनिटे ऐकवली, तेव्हा घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, यासारखी कोडी त्यांना अधिक चांगली सुटली. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. लहान मुले, गणित किंवा संगीताचे शिक्षण यांपैकी कशाचाही त्या प्रयोगाशी संबंध नव्हता. तरीही पाच वर्षांच्या आत त्याची अशी हवा झाली, की १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाच्या घरी अभिजात संगीताची सीडी पाठवण्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद मागितली. पुढे इतर संशोधकांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा काहींना परिणाम दिसला, अनेकांना दिसला नाही. एका प्रयोगात तर ज्यांना संगीतापेक्षा गोष्ट ऐकणे अधिक आवडले, त्यांना गोष्ट ऐकूनही तेवढाच लाभ झाला. मन तरतरीत झाले की कोडे जरा लवकर सुटते, एवढाच त्याचा अर्थ. २०१० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे ४० अभ्यास एकत्र तपासले आणि मोत्झार्टच्या संगीतात बुद्धी वाढवण्याची काही खास शक्ती असल्याचे त्यांना आढळले नाही.

नुसते ऐकणे वेगळे आणि शिकणे वेगळे, असे यावर कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोरांटो येथील अभ्यासात सहा वर्षांच्या १४४ मुलांना चार गटांत विभागले होते. दोन गटांना वर्षभर संगीत शिकवले, एका गटाला नाट्य, आणि एका गटाला त्या वर्षी काहीच शिकवले नाही. संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी सुमारे ७ गुणांनी वाढला, इतरांचा ४ हून थोडा अधिक. फरक होता, पण लहान होता. आणि गंमत म्हणजे इतरांशी वागण्या-बोलण्यात सुधारणा झाली ती नाट्य शिकलेल्या मुलांत. २०२० मध्ये ५४ अभ्यासांतील जवळपास सात हजार मुलांची आकडेवारी एकत्र तपासली गेली, तेव्हा असे दिसले की प्रयोगाची मांडणी जितकी काटेकोर, तितका संगीताने बुद्धी किंवा परीक्षेतील गुण वाढल्याचा पुरावा क्षीण होत जातो.

याने मला वाईट वाटायला हवे होते. उलट हायसे वाटले. वर्गात मला रोज दिसते ते या मोजमापात बसणारे नाही. सुरुवातीला प्रत्येक मूल समेवर इतरांच्या आधी पोहोचायला धावते. काही महिन्यांनी ते थांबायला शिकते, शेजारच्याचा आवाज ऐकून आपला आवाज कमी करते, चुकल्यावर ताल न सोडता पुढच्या ओळीत मिसळते. ज्याला वर्गात तोंड उघडायची भीती वाटते, तो मेळात गाताना उघडतो, कारण तिथे तो एकटा नसतो. ही संगीताचीच कमाई आहे. तिला गणिताच्या गुणपत्रिकेची साक्ष कशाला हवी? शिवाय गुणांसाठी आणलेले मूल गुण वाढले नाहीत की गाण्यातून काढले जाते, हा माझा कडू अनुभव आहे.

गंमत अशी, की जिथे संगीताच्या उपयोगाचा पुरावा खरोखर भक्कम आहे, त्या आजारपणाबद्दल फारसे छापून येत नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघाताचा आघात झाल्याने ज्यांची वाचा गेली आहे, असे काही रुग्ण साधे ‘पाणी’ म्हणू शकत नाहीत, पण ओळखीचे गाणे शब्दांसह म्हणू शकतात. याच निरीक्षणावरून १९७३ च्या सुमारास बॉस्टनमधील तज्ज्ञांनी एक उपचारपद्धती बसवली: रोजच्या वापरातली छोटी वाक्ये उंच आणि खालच्या अशा दोन सुरांत, डाव्या हाताने ठेका धरत म्हणायची आणि हळूहळू सूर काढून घेत बोलण्याकडे यायचे. २०११ मध्ये डोक्यात गोळी लागलेल्या अमेरिकी लोकप्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्‌स यांनाही वाचा परत मिळवताना संगीतोपचाराची मदत झाली. पार्किन्सन या हालचाली मंदावणाऱ्या मेंदूविकाराच्या रुग्णाचे पाऊल दारापाशी अडते, तेव्हा एकसारखा ठेका ऐकवला तर ते पुन्हा उचलले जाऊ शकते. मेंदूच्या आतली लय बिघडलेली असते आणि बाहेरची लय तिला आधार देते. हेलसिंकीतील ६० रुग्णांवरचा, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही असाच बोलका आहे. पक्षाघातानंतर दोन महिने रोज किमान तासभर आवडीचे संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मृती तीन महिन्यांच्या तपासणीपर्यंत ६० टक्क्यांनी सुधारली होती. ध्वनिपुस्तके ऐकणाऱ्यांची १८ टक्क्यांनी, आणि यांपैकी काहीच न दिलेल्यांची २९ टक्क्यांनी. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेने २०१५ मध्ये शस्त्रक्रियांविषयीच्या ७३ चाचण्यांचा आढावा छापला. संगीत ऐकणाऱ्या रुग्णांना वेदना व चिंता कमी जाणवली आणि वेदनाशामकेही कमी लागली, असा त्याचा निष्कर्ष होता.

या सगळ्यात संगीत औषधांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. हेलसिंकीच्या रुग्णांनी ऐकायचे ते स्वतः निवडले होते, हेही विसरू नये. ‘अमुक आजारावर अमुक सूर’ असे तक्ते फिरवणाऱ्यांना या अभ्यासांत कसलाही आधार सापडणार नाही. आणि वाचा परत आणणारा उपचार ध्वनिमुद्रण लावून होत नाही. रुग्णासमोर आठवडेच्या आठवडे बसणारे प्रशिक्षित माणूस लागते.

रोजच्या आयुष्यातील संगीताबद्दल एकच लिहिते, कारण त्याबद्दल सगळेच बोलतात, फक्त कानांबद्दल कोणी बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते, ९० डेसिबलचा मात्र केवळ चार तास. कानात इअरफोन खुपसून वर्गात येणारी माझी मोठी मुले हा हिशेब दोन दिवसांत संपवत असावीत. सूर किंचित खाली आहे हे ज्या कानाने ओळखायचे, तोच कान बधिर झाला तर मी शिकवायचे तरी काय?

माझी विनंती साधी आहे. संगीताच्या फायद्यांची बातमी छापताना अभ्यासात किती माणसे होती, ती नुसती ऐकत होती की गात-वाजवत होती, आणि त्यांची तुलना कोणाशी केली, एवढ्या तीन गोष्टी बातमीतच द्याव्यात. म्हणजे पुढच्या वेळी कोणी पालकांनी ते कात्रण माझ्यापुढे ठेवले, तर आम्हा दोघांना ते एकत्र वाचता येईल.

आपली विश्वासू,
एक संगीतशिक्षिका