भोरगिरीच्या वाटेवरच्या माणसांचे आभार

आम्ही सोलापूरकर भोरगिरी–भीमाशंकरला गेलो ते डोंगरापेक्षा तिथल्या वाड्या-वस्त्यांवरची माणसं भेटावीत म्हणून. उजनीचं पाणी पिणाऱ्यांनी भीमा उगम पावते तो मुलूख एकदा तरी बघावाच.

पहिले आभार वाट दाखवणाऱ्या, महादेव कोळी समाजातल्या दादांचे. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, झाडावरून कसा उतरवतात, वाळवून कसा विकतात, हे चालता चालता सांगितलं. शेकरूचं घरटं दिसलं की बोलायचे नाहीत, नुसतं बोट वर. आमच्यातल्या एका वहिनींच्या बुटाचा तळ उतरला, तर खिशातून सुतळी काढून असा आवळला की एसटीत बसेपर्यंत हलला नाही.

ओसरीवर जेवू घालणाऱ्या मावशी, तुमची चुलीवरची नाचणीची भाकरी! आमच्या शेंगा चटणीला तुम्ही "झ्याक" म्हणालात, तेवढ्यावर आम्ही खूश. आमची कडक भाकरी मात्र घरातल्या आजींनी सरळ परत केली. दात नसलेल्या माणसाला ती द्यायची म्हणजे थट्टाच.

बाटल्या भरून देणारी पोरं आणि मागे राहिलेल्यांसाठी गाडी थांबवणारे कंडक्टर, तुमचेही आभार. सहल ठरवणाऱ्यांनी वाडीला आधी विचारलं, जेवणाचे पैसे थेट घरी दिले, हे मला फार आवडलं. न विचारता फोटो काढत सुटणाऱ्यांनी एवढं तरी शिकावं.

तुम्हीच नको म्हणालात म्हणून नावं लिहीत नाही. आजींसाठी सोलापुरी चादर पाठवतोय, ती मात्र परत करू नका.