महाभियोग कोणावर?

'न्यायमूर्तींवर महाभियोगाची तयारी' हा आपल्या अंकातील मथळा वाचला. शब्द भारदस्त आहे, पण इथे तो चुकीचा आहे. राज्यघटनेत महाभियोग येतो तो अनुच्छेद ६१ मध्ये, आणि तोही फक्त राष्ट्रपतींसाठी. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींबाबत अनुच्छेद १२४(४) 'पदावरून दूर करणे' एवढेच म्हणतो. हा शब्दांचा कीस नव्हे. राष्ट्रपतींवर आरोप घटनाभंगाचा असतो आणि प्रत्येक सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मते लागतात; न्यायमूर्तींचे गैरवर्तन किंवा अक्षमता सिद्ध व्हावी लागते आणि मतांचे गणितही निराळे. १९९३ मध्ये न्या. व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धच्या प्रस्तावाच्या बाजूने लोकसभेत १९६ मते पडली, विरोधात एकही नाही. २०५ सदस्य तटस्थ राहिले, त्यामुळे आवश्यक तेवढी मते न मिळून प्रस्ताव बारगळला.

त्याच पानावर एका अधिकाऱ्याच्या साध्या बदलीला 'उचलबांगडी' म्हटले आहे. शाळा चुकवणाऱ्या पोराला चौघांनी हातपाय धरून उचलून नेणे, ती उचलबांगडी. छायाचित्रात तर साहेब हार घालून हसत उभे आहेत!

– एक वाचक, सातारा