मोतीच्या भुंकण्याबद्दल, मित्रास

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. मोती रस्त्यात दुसऱ्या कुत्र्यावर धावून गेला, पट्टा ओढून ओढून तुझे हात सोलवटले, आणि घरी आल्यावर तो दाराशीच अंग चोरून बसला. "मीच कुठेतरी कमी पडलो" हे तुझं वाक्य मनातून जात नाही. कमी पडला नाहीस रे. माझ्या कुत्रीच्या, राणीच्या वेळी मीही हेच म्हणत होते.

आधी त्याला डॉक्टरांकडे ने. कान, दात, सांधे सगळं तपासून घे. कुठे दुखत असलं की कुत्रा दुसऱ्याला जवळ फिरकू देत नाही.

मोती भांडखोर नाही, तो बहुतेक घाबरतोय. आपण भुंकलो की समोरचा निघून जातो, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. (समोरचा तसाही पुढेच चाललेला असतो, पण ते मोतीला कसं कळणार?) पट्ट्यामुळे पळता येत नाही, मग अंगावर जाण्याशिवाय उरतं काय? काही कुत्र्यांचं उलटं असतं. भेटायची इतकी ओढ असते की पट्टा आडवा आला की चिडतात. काहीही असो, सुरुवात अंतरापासूनच करायची.

तीस पावलांवर कुत्रा दिसला तर राणीला चालायचं, वीस पावलांवर बिनसायचं. ही सीमा मला वर्षभर दिसली नाही, कारण मी समोरच्या कुत्र्याकडे बघायचे, तिच्याकडे नाही. एकदा नीट पाहिलं. जीभ बाहेर काढून मजेत चालली होती, आणि एकदम तोंड मिटलं. कान पुढे, सगळा भार पुढच्या पायांवर, नजर खिळलेली. दोन-तीन सेकंद तशीच, मग भडका. तेव्हापासून तोंड मिटलं की मी वळते. "चल, वळ" हा शब्द घरात, जिन्यात, रिकाम्या रस्त्यावर शेकडो वेळा खाऊ देऊन शिकवलाय, म्हणून तो ऐनवेळी कामाला येतो.

खाऊचा क्रम मात्र चुकवू नकोस. पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना आवाज आधी ऐकू यायचा, खाणं मागून मिळायचं, म्हणून नुसत्या आवाजानेही लाळ सुटू लागली. तसंच इथे. मोतीला लांबवर कुत्रा दिसू दे, आणि मगच चिकनचे बारीक तुकडे एकामागून एक दे. कुत्रा दिसेनासा झाला की खाऊ बंद. आधीच खाऊ काढलास तर त्याला पिशवीचाच संशय येऊ लागेल. आणि तो खाऊ तोंडात घेत नसेल तर तू फार जवळ गेलायस, मागे सर.

एका प्रशिक्षकाने मला साखळीचा झटका द्यायला सांगितलं होतं. मी दिला. आठवड्याभरात राणीचं गुरगुरणं थांबलं आणि मला केवढा आनंद झाला! पुढच्याच महिन्यात तिने काहीही इशारा न देता एका कुत्र्याला दात लावले. गुरगुरणं हा तिचा इशारा होता, तोच मी बंद केला होता. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. मोतीला गुरगुरू दे, आणि त्याला तिथून लांब ने.

गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा घे. जाळीची मुस्की घरीच, खाऊ देत, हळूहळू सवयीची कर. तिच्यातून त्याला धापा टाकता आल्या पाहिजेत. भडकलेला असताना गळ्याशी हात घालू नकोस, त्या भरात तो तुलाही चावेल. आणि वाईट दिवसानंतर एक-दोन दिवस फिरणं चुकलं तरी चालेल. गवतात खाऊ पसरून त्याला हुंगत बसू दे. ताण लगेच उतरत नाही, दुसऱ्या दिवशी साध्या गोष्टीवरही तो भडकतो.

राणी अजूनही सगळ्यांशी खेळत नाही. पण काल लांबवर एक कुत्रा दिसला, तिने पाहिलं, आणि आपणहून मान वळवून माझ्याकडे बघितलं. तोंड उघडं होतं.

पुढच्या महिन्यात येते आहे, पण राणीला आणणार नाही. मोतीशी ओळख मी एकटीच करून घेईन, तोवर त्याच्या पावलांचा हिशेब लिहून ठेव.

तुझी मैत्रीण