बिलासाठी मोबाइल नंबर कशाला पाहिजे?

संपादक महोदय,

नागपूरच्या बर्डी बाजारात आजकाल कुठल्याही मोठ्या दुकानात जा, मोजे घ्या नाहीतर डबा, काउंटरवरचा पोरगा आधी मोबाइल नंबर विचारतो अन् नाही म्हटलं की "काकू, नंबरशिवाय सिस्टिम पुढेच जात नाही", मागे लाइन लागलेली असते म्हणून लोक मुकाट्यानं नंबर सांगून मोकळे होतात. मग लोनचे मेसेज, वर्धा रोडला प्लॉट घ्या म्हणून फोन.

माझा टेक्नॉलॉजीला अजिबात विरोध नाही, भाजीसुद्धा मी यूपीआयनं घेते. पण दुकानदाराला फक्त या महिन्याचा सेल दिसतो, आपल्याला पन्नास रुपयांचं डिस्काउंट दिसतं, अन् बँक, गॅस, आधार सगळं ज्याला जोडलंय तो नंबर आपण कायमचा देऊन बसतो, हे कोणी बघतच नाही.

2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ज्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं त्यात आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते. मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानंही दुकानदारांना बजावलं होतं की नंबरसाठी अडून बसू नका. त्याच वर्षी डेटा संरक्षण कायदा झाला, संमती मोकळेपणानं दिलेली पाहिजे असं त्यात आहे. लाइनीत अडवून घेतलेली ही कसली संमती?

व्यापारी संघटनांनी काउंटरवर 'नंबर देणं ऐच्छिक' अशी पाटी लावायला सांगावी आणि नंबरशिवाय बिल कसं काढायचं ते पोरांना शिकवावं.

– एक वाचक, नागपूर