टाके म्हणजे ज्वालामुखीचे तोंड नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतील गडकिल्ल्यांवरच्या लेखात गडमाथ्यावरचे पाण्याचे टाके हे 'मृत ज्वालामुखीचे मुख' असल्याचे छापले आहे. त्या टाक्याच्या भिंतीवर छिन्नीचे घाव अजून दिसतात. माणसांनी खोदलेले टाके आहे ते!

मी विहिरींची कंत्राटे घेतो. आमच्या पारनेर भागात विहिरीत उतरले की आधी मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा खडक, मग पोकलेनच्या ब्रेकरलाही दाद न देणारा काळा पाषाण. त्याखाली बऱ्याचदा तांबडी पट्टी लागते आणि तिच्याखाली पुन्हा मांजऱ्या. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहिला. त्यात सिलिका कमी, म्हणून तो पातळ. वायू सहज सुटतो, मोठे स्फोट होत नाहीत, रस दूरवर पसरतो. थराच्या माथ्याशी अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांचा मांजऱ्या झाला, त्याच्या भोकांत पुढे गारगोट्या भरल्या. पोटातला रस सावकाश निवून पाषाण झाला. दोन थरांमध्ये बराच काळ गेला तिथे वरचा खडक झिजून माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजली. तीच तांबडी पट्टी. हवा-पाणी लागले की ती ढासळते, तेवढ्या भागाला बांधकाम करावे लागते आणि त्या खर्चावरून शेतकऱ्याशी हमखास वाजते.

सह्याद्रीचा कडा म्हणजे हाच पाषाण, मधला उतार बहुतेक मांजऱ्याचा. थरावर थर साचले, मग पावसाने आणि नद्यांनी कोरून काढले; उरले ते डोंगर. त्याच लेखात निघोजचे रांजणखळगे 'लाव्ह्याचे बुडबुडे' ठरवले आहेत. ते कुकडी नदीने गोटे गरगर फिरवून घासलेले आहेत.

भेगेतून येणारा लाव्हा शांत असतो म्हणून निरुपद्रवी, असेही नाही. आइसलँडमध्ये ८ जून १७८३ रोजी लाकी या ज्वालामुखीची सुमारे २७ किलोमीटरची भेग फुटली आणि आठ महिने वाहत राहिली. गंधकाच्या वायूचे धुके युरोपभर पसरले. फ्लोरिनने गवत विषारी झाले, निम्म्याहून अधिक जनावरे गेली आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात देशातला साधारण दर पाचवा माणूस मेला. आपल्याकडचा लाव्हा त्याच्या कित्येक हजार पट. डायनासोर त्याने संपले की मेक्सिकोत कोसळलेल्या अशनीने, हा वाद संशोधक घालोत. पण एवढ्या वायूने हवामान उलटेपालटे झाले असणार.

पुरवणीत ठळक दुरुस्ती छापावी, ही विनंती. दिवाळीनंतर आमच्याकडच्या शाळांच्या सहली त्याच गडावर जातात आणि मुले छापील मजकूर जसाच्या तसा प्रकल्पाच्या वहीत उतरवतात.

आपला,
एक विहीर कंत्राटदार, ता. पारनेर